परसातला घास आपलाही

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा कैऱ्या उतरवायला आलेल्या असतील, शेवग्याला शेवटच्या शेंगा लोंबत असतील आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत टँकरची वाट बघणं सुरू झालेलं असेल. या अंकाचा विषय 'उन्हाळ्यातलं परस आणि त्यातला स्वयंपाक' असा ठरला, पण तो सहजासहजी ठरला नाही. संपादक गटाच्या बैठकीत चांगलीच वादावादी झाली. एकीनं विचारलं, "आता आपणही पाककृती छापणार? मग बाजारातल्या बाकीच्या मासिकांत आणि आपल्यात फरक तो काय?" प्रश्न रास्त होता. बाई म्हणजे चूल, बाई म्हणजे चविष्ट जेवण वाढणारा हात, हे समीकरण मोडायचं म्हणून तर आपल्या अंकात पाककृतींचं पान कधी ठेवलं नाही. पण गावपातळीवर काम करणारी आमची एक कार्यकर्ती शांतपणे म्हणाली, "बाईच्या दिवसातले एवढे तास ज्यात जातात, त्याबद्दल आपण बोलायचंच नाही का? आणि त्यात तिला जो आनंद होतो, त्याबद्दल तर कुणीच विचारत नाही."

दोघींचंही खरं आहे. म्हणून हा अंक. यात भाज्या आहेत, फळं आहेत, ती शिजवायच्या रीती आहेत. त्याबरोबर ती पिकवतं कोण, पाणी घालतं कोण, खातं कोण आणि ज्या मातीत ती उगवतात ती कुणाच्या नावावर आहे, हेही आहे.

उन्हाळ्यातलं परस

उन्हाळा म्हणजे सगळं वाळून गेलेलं, असं शहरातल्या माणसाला वाटतं. पण जिच्या दाराशी हातभर ओल आहे, तिच्या परसात उन्हाळ्यातही काय काय असतं ते बघा. माघ-फाल्गुनात टोकलेली गवार आणि भेंडी चैत्रात तोडायला येते. चवळीच्या शेंगा येतात. मांडवावर दोडका, कारली आणि दुधी चढतात. तांदुळजा तर पेरल्यापासून महिन्याभरात खुडता येतो आणि खुडला की पुन्हा फुटतो. घोळ कुणी पेरावी लागत नाही. जिथं पाण्याची धार जाते तिथं ती आपली आपण पसरते. न्हाणीच्या पाण्यावर अळू, केळ आणि पपई उभी असते. कुंपणाला शेवगा. आडोशाला कढीपत्ता आणि लिंबू. नशीब असेल तर सासूनं नाहीतर आजेसासूनं लावलेलं एखादं रायवळ आंब्याचं झाड.

या एवढ्याशा जागेतून बाई कसा स्वयंपाक काढते! कोवळी गवार मोडून, तेलात ओवा तडतडवून, वर दाण्याचं कूट आणि गुळाचा खडा घालते. भेंडी लोखंडी तव्यावर परतून चिंचेचा कोळ नाहीतर थोडं ताक घालते, म्हणजे चिकट होत नाही. दोडक्याची भाजी होते आणि त्याच्या शिरा तीळ-खोबरं घालून कुरकुरीत चटणीत जातात. दुधीच्या सालीचंही तसंच. शेवग्याच्या शेंगा आमटीत, पिठल्यात. त्याचा कोवळा पाला लसूण आणि मूगडाळ घालून परतला की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, उरलेल्या फोडी किसून गुळात शिजवून घारगे. घोळीच्या भाजीला मुळातच आंबूस चव असते, त्यामुळे तुरीच्या डाळीबरोबर ती छान मिळून येते.

आणि कैरी! कैरी दारात आली की सगळा स्वयंपाकच बदलतो. कांदा-कैरी किसून, त्यावर तिखट-मीठ-गूळ आणि हिंगाची फोडणी दिली की टक्कू. उकडलेल्या कैरीचं पन्हं. मेथ्या आणि गूळ घालून मेथांबा. पुढे साखरांबा, गुळांबा, वर्षाचं लोणचं. वाऱ्यानं पडलेल्या कैऱ्यासुद्धा वाया जात नाहीत. त्यांच्या फोडी मीठ लावून उन्हात वाळवल्या की आंबोशी तयार होते आणि पावसाळ्यात आमटीला ती उपयोगी पडते.

माझं आजोळ कोकणातलं. तिथला उन्हाळा वेगळा. तिथं आंब्याइतकाच मान फणसाला. कुयरी असताना ओलं खोबरं घालून भाजी, पिकल्यावर गरे, रसाची साठं आणि आठळ्या मिठाच्या पाण्यात उकडून. आठळ्या धुऊन, सुकवून पावसाळ्यासाठी राखून ठेवायच्या. रातांबे फोडून सालं वेगळी काढायची, त्यांना रसाची पुटं द्यायची आणि उन्हात वाळवायची, तेव्हा कुठे आमसुलं होतात. मिठात मुरवलेला रस म्हणजे आगळ. बियांचंही तेल निघतं. पायांच्या भेगांना मे महिन्यात त्याच्यासारखं औषध नाही. जून झालेली काकडीसुद्धा किसून, गूळ आणि तांदळाचा रवा घालून धोंडस करायच्या कामी येते. आजीच्या परसात टाकून द्यायचं असं फारसं काही नसे.

हे सगळं मी मुद्दाम विस्तारानं लिहिते आहे. एम.एस.डब्ल्यू.च्या अभ्यासक्रमात आम्हाला पोषणाचं प्रकरण होतं. त्यात उष्मांक होते, प्रथिनं होती, 'आहारातील वैविध्य' होतं, 'लाभार्थी महिला' होती. चव हा शब्द मात्र त्यात कुठेही नव्हता. गावात गेल्यावर बाया माझ्याशी पहिल्यांदा मोकळ्या झाल्या त्या चवीच्याच गोष्टींवर. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल, दारूबद्दल, जमिनीच्या वाटणीबद्दल त्या पुढे बोलल्या. आधी बोलल्या त्या आपल्या माहेरच्या लोणच्याबद्दल. चव ही बाईच्या ज्ञानाची गोष्ट आहे. ती तिनं कुठल्या शाळेत शिकलेली नाही आणि तिच्याकडून कुणी काढूनही घेतलेली नाही.

पाणी कुणाच्या डोक्यावर?

आता दुसरी बाजू. वर जे हिरवंगार वर्णन केलं ते पाण्याशिवाय होत नाही आणि उन्हाळ्यात पाणी आपोआप येत नाही. विहीर आटली की हंडा लांबून आणावा लागतो. टँकर आला की घरातला पुरुष सहसा गाडीवर एखादी टाकी आणतो, बाकीचा भार बाईच्या आणि मुलींच्या डोक्यावर. त्यातलं पाणी आधी पिण्याला, मग स्वयंपाकाला, मग जनावराला आणि मग अंघोळीला. भाजीला त्या सगळ्यांचं उरलेलं.

म्हणूनच परसबाग म्हणजे खरं तर पाण्याच्या हिशोबाची कला आहे. भांडी विसळलेलं पाणी केळीला. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी पालेभाजीला. अंघोळीचं साबणाचं पाणी अळूला आणि पपईला, पण कच्च्या खायच्या भाजीला नाही. काही बाया एक साधी युक्ती करतात, तीही इथं सांगते. कच्च्या मातीचं, रंग न दिलेलं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, भोवती तीन-चार वेल लावायचे, मडक्यात पाणी भरून तोंड झाकायचं. मडक्यातून पाणी हळूहळू झिरपतं आणि थेट मुळाशी जातं. वरून ओतलेल्या पाण्यासारखं उन्हात उडून जात नाही. बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन दिलं तर आणखी टिकतं. हंड्यामागे चालावं लागणारं अंतर या युक्तीनं कमी होत नाही, पण भाजीसाठी आणावे लागणारे हंडे कमी होतात.

एवढं करूनही हे 'काम' म्हणून मोजलं जातं का? इथं एक गंमत आहे, आणि ती चीड आणणारी आहे. देशाच्या उत्पन्नाचा हिशोब करण्याचे जे नियम जगभर मानले जातात, त्यात घरच्या वापरासाठी पिकवलेला माल उत्पादनात धरला जातो. पण तोच माल घरात शिजवणं धरलं जात नाही. म्हणजे परसातली भेंडी तोडेपर्यंत बाई उत्पादन करते आणि उंबरठा ओलांडून ती चिरायला बसली की काहीच करत नाही! बरं, निदान तोडेपर्यंतचं तरी तिच्या नावावर पडतं का? आपल्या सरकारी श्रमशक्ती पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांसाठी दोन क्रमांक आहेत. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम आणि त्याबरोबर घरच्या वापरासाठी भाजीपाला, सरपण, चारा गोळा करणं, शिवणटिपण वगैरे. या दोन्ही क्रमांकांतल्या बाया 'श्रमशक्तीबाहेर' धरल्या जातात. पाहणी करणारा दारात येतो, बाई म्हणते, "मी काय, घरीच असते," आणि तिच्या नावापुढे ९२ नाहीतर ९३ पडतो.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनं सांगितलं, की घरातली बिनमोल कामं करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्या कामांत घालवतात. जे पुरुष ही कामं करतात, त्यांची सरासरी ८८ मिनिटं. आधी, २०१९ च्या पाहणीत हे आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषाचीही नऊ मिनिटं कमी झालेली आहेत! तेव्हा परसबागेचा उत्साहानं प्रचार करताना आपण एक गोष्ट विसरता कामा नये. परसबाग हे बाईच्या दिवसात घातलेलं आणखी एक काम आहे. घरातली बाकीची माणसं पाणी घालायला, आळी खणायला, मांडव बांधायला येणार नसतील, तर 'पोषण परसबाग' हा तिच्या डोक्यावरचा आणखी एक हंडा ठरेल.

तुला काय आवडतं?

मागच्या उन्हाळ्यात आम्ही एका गावात बायांच्या गटाची बैठक घेतली. विषय परसबागेचाच होता. मी प्रत्येकीला विचारलं, "तुझ्या परसातलं तुला काय आवडतं?" उत्तरं भराभर आली. "ह्यांना कारलं आवडतं." "माझ्या पोराला भेंडीशिवाय चालत नाही." "सासऱ्यांना दात नाहीत, म्हणून दुधी लावते." मी पुन्हा विचारलं, "आणि तुला?" बराच वेळ कुणी बोललं नाही. एकदोघी हसल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "मला पाडाची कैरी आवडायची, मीठ-मिरची लावून. लग्नाआधी." बैठकीत एकच हशा पिकला. मग मात्र एकेकीला आठवत गेलं. कुणाला गवारीच्या कोवळ्या शेंगा कच्च्याच, कुणाला आईच्या हातची घोळीची भाजी, कुणाला भाजलेल्या आठळ्या. त्यातली बरीचशी उत्तरं 'लग्नाआधी' या शब्दानंच संपत होती.

ही गोष्ट गमतीची वाटेल, पण ती रक्ताशी जोडलेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. म्हणजे ते वाढलं. याची कारणं अनेक आहेत. लवकर लग्न, पाठोपाठची बाळंतपणं, जंत, पाळीतला जास्त रक्तस्राव. पण एक कारण रोज आपल्या डोळ्यांसमोर घडतं. बाई शेवटी जेवते. पातेल्यात भाजीचा रस्सा उरतो, फोडी संपलेल्या असतात. पालेभाजी मूठभर असेल तर ती मुलाच्या ताटात जाते. आंब्याचा रस पाहुण्यांना, बायकोच्या वाट्याला कोय. आणि या कोयीचंही कौतुक केलं जातं, "तिला बाई कोयच आवडते!"

परसातल्या भाजीत ताकद आहे, यात शंका नाही. तांदुळजा आणि शेवग्याच्या पाल्यात लोह आहे. ते अंगी लागायला आंबट फळातलं क जीवनसत्त्व मदत करतं. म्हणून पालेभाजीवर लिंबू पिळायचं किंवा जोडीला कैरीचा टक्कू घ्यायचा. आपल्या आया हे करतच आल्या. लोखंडी तव्या-कढईत आंबट भाजी केली तर तव्यातलं लोहही भाजीत उतरतं. जेवल्या जेवल्या चहा घेतला की अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, तेव्हा तो तासाभरानं घ्यावा. लाल भोपळा, पपई, पिकलेला आंबा आणि शेवग्याचा पाला यांतून अ जीवनसत्त्व मिळतं आणि ते अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतं. हे सगळं आपण शिबिरात सांगतोच. पण ती भाजी तिच्या ताटात पडलीच नाही, तर लिंबू कशावर पिळायचं?

आमच्या त्या गटानं एक साधा ठराव केला. आठवड्यातून एक दिवस घरात तिच्या आवडीची भाजी होईल आणि त्या दिवशी सगळे एकत्र बसून जेवतील, तीसुद्धा. पहिल्या महिन्यात तो निम्म्या घरांतही पाळला गेला नाही. एका घरी सासू बोलली, एका घरी नवरा हसला. पण एकीच्या मुलीनं, शाळेत सातवीत असलेल्या, आईचं ताट आधी वाढून झाकून ठेवायला सुरुवात केली. "आई, तुझ्या फोडी काढून ठेवल्यात," असं ती म्हणते. फार मोठी क्रांती नाही ही. पण त्या घरात आईच्या वाट्याचा प्रश्न पहिल्यांदा कुणाच्या तरी लक्षात आला.

झाड तिनं लावलं, माती कुणाची?

आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेली एक बाई मला विसरता येत नाही. नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला बाहेर काढलं. तक्रारीचा कागद लिहून झाला, पोटगीचं बोलणं झालं. उठताना ती म्हणाली, "ताई, माझी शेवग्याची चार झाडं आणि लिंबूणी राहिली तिथं. यंदा पहिल्यांदाच लिंबं धरली होती." कायद्याच्या कुठल्याच कलमात ती लिंबूणी बसत नव्हती. जमीन त्याची, म्हणून झाड त्याचं. तिनं सात वर्षं घातलेलं पाणी कुणाच्याच दप्तरी नाही.

या प्रश्नावर आपल्याकडे विचार झालाच नाही असं नाही. शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या, तुम्ही तिचे देणेकरी आहात, असं शरद जोशींनी गावोगावच्या शेतकऱ्यांना सांगितलं आणि अनेकांनी ते केलंही. त्याच विचारातून सीताशेती ही कल्पना निघाली. थोड्या जागेत, घरच्या बियाण्यावर, घरच्या खतावर बाईनं आपल्या विचारानं करायची शेती. तिच्या जोडीला पिकलेल्या मालावर घरच्या घरी प्रक्रिया करायची माजघरशेती. सगळ्याच बाबतींत आपले त्या संघटनेशी विचार जुळतील असं नाही. पण लोणची-पापड-आमसुलं यांना 'शेती' म्हणून मान द्यावा आणि तो करताना जमिनीच्या मालकीचा प्रश्न बाजूला ठेवू नये, हे त्यांनी ओळखलं होतं.

१९९४ साली महाराष्ट्रानं हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीनं हक्क दिला. देशभर तो २००५ साली मिळाला. तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी बायांची खाती जेमतेम १४ टक्के होती. कायदा झाला, पण 'भावाला सोडून दे' म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणं थांबलं नाही. माहेरची चोळी आणि उन्हाळ्यातली आंब्याची पाटी यावर तिची बोळवण होते. आंब्याची पाटी गोड असते, मैत्रिणींनो, पण ती आमराईतला वाटा नाही.

लातूर-धाराशिव भागात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं गेल्या काही वर्षांत 'एक एकर' शेतीचं काम उभं केलं आहे. घरच्या जमिनीतला एकभर तुकडा बाईच्या निर्णयावर सोडायचा. त्यात तिनं ऊस-सोयाबीनच्या मागे न लागता डाळी, धान्य, भाजीपाला अशी खायची पिकं घ्यायची. दुष्काळात नगदी पीक बुडालं तरी घरात खायला उरतं, हे बायांनी स्वतः अनुभवलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव आता सगळ्यांना माहीत आहे. गावठी वाणांचं बी जपून, वाटून त्यांनी बियाण्याची बँक उभी केली. २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण राहीबाई जे करतात ते थोड्याफार प्रमाणात आपल्या प्रत्येक आजीनं केलेलं आहे. वेलावर एक दुधी जून होऊ द्यायचा, तो तोडायचा नाही. भोपळ्याचं बी राखेत घोळून ठेवायचं. उतरंडीत, डब्यात, गाठोड्यात पुढच्या वर्षाचा उन्हाळा बांधून ठेवायचा. बाजारातलं पाकीट आलं आणि आपण ते गाठोडं हळूहळू सोडून दिलं. बी घरचं असेल तर कुणाकडे हात पसरावा लागत नाही.

ज्यांना परसच नाही

हे सगळं लिहिताना एक प्रश्न सतत टोचत राहतो. परस आहे कुणाला? गावाच्या मध्यावर वाडा आणि मागे विहीर असलेल्या घराचं परस वेगळं. गावकुसाबाहेरच्या वस्तीत एका खोलीला दुसरी खोली चिकटलेली, नळ सगळ्यात शेवटी आणि पाणी सगळ्यात कमी. तिथल्या बाईनं परसबाग कुठं करायची? ती बांधावरची घोळ आणि पाथरी खुडून आणते, तर शेतमालक हटकतो. तणनाशकं फवारायला लागल्यापासून तर बांधावरही काही उगवेनासं झालं आहे. गरिबाच्या ताटातली फुकटची पालेभाजी अशी गुपचूप नाहीशी झाली, आणि त्याची कुठे बातमीसुद्धा झाली नाही.

म्हणून परसबाग ही फक्त एकेकटीनं आपापल्या घरामागे करायची गोष्ट नाही. शाळेमागची, अंगणवाडीशेजारची, ग्रामपंचायतीची मोकळी जागा गटाला भाजीसाठी द्यावी, अशी मागणी ग्रामसभेत करता येते. भूमिहीन बायांच्या गटाचा त्यावर पहिला हक्क असावा. शहरातल्या वस्तीत तेलाचा डबा, फुटका ड्रम, सिमेंटची पोती यांत मिरची, टोमॅटो, कढीपत्ता, पुदिना, अगदी दोडक्याचा वेलसुद्धा येतो. पोटाला ते पुरणार नाही. पण आपल्या हातानं काहीतरी हिरवं उगवलेलं बघण्याचं सुख काय असतं, ते पत्र्याच्या खोलीत मे महिना काढणाऱ्या बाईला विचारा.

आपण काय करायचं?

या अंकात तुम्हाला तऱ्हेतऱ्हेच्या भाज्या आणि लोणची सापडतील. ती बायांनी सांगितली तशीच, त्यांच्या शब्दांत छापली आहेत. करून बघा. पण करताना काही गोष्टी मनाशी धरा.

पहिली, परसातलं काम सगळ्यांचं आहे. मांडव, आळी, खत, पाणी यांत घरातल्या पुरुषांचा आणि मुलग्यांचा वाटा ठरवून घ्या. चिरणं, निवडणं, परतणं यातही. गवार मोडायला काही बाईचीच बोटं लागत नाहीत.

दुसरी, आपलं ताट आधी झाकून ठेवा. निदान सगळ्यांबरोबर बसा. पातेल्यातल्या फोडी सारख्या वाटा आणि आंब्याची फोड स्वतःही खा, नुसती कोय नको.

तिसरी, घराच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का ते बघा. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा मागा. नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लागावं असा राज्याचा निर्णय २००३ सालीच झालेला आहे, पण अर्ज केल्याशिवाय ते आपोआप लागत नाही. गटानं मिळून अर्ज केले तर ग्रामसेवकालाही टाळाटाळ करणं जड जातं. ज्या मातीला आपण पाणी घालतो तिच्या कागदावर आपण असलंच पाहिजे. सातबाराची लढाई लांबची असेल, पण सुरुवात उंबरठ्यापासून करता येते.

चौथी, बी राखा आणि वाटा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्याकडचं एक तरी गावठी बी पुडीत बांधून आणायचं. कुणाकडून आलं, कधी लावायचं, कसं शिजवायचं, ते पुडीवर लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिनं सांगायचं, दुसरीनं लिहायचं.

आणि शेवटची विनंती. तुम्हाला काय आवडतं, ते आम्हाला कळवा. घरच्यांना काय आवडतं ते नको, ते आम्हाला ऐकून ऐकून पाठ झालं आहे! तुमची स्वतःची आवड, तुमच्या परसातली, तुमच्या हातची. दोन ओळी असल्या तरी चालतील. पावसाळी अंकात ती पत्रं आम्ही छापणार आहोत.

संपादक गटाच्या वतीनं